लिन झेशू

लिन झेशू (जन्म : ३० ऑगस्ट १७८५, फूजौ, फूजियान प्रांत, मृत्यू : २२ नोव्हेंबर १८५०, पूनिंग, ग्वांगदोंग प्रांत) हे चीनमधील छिंग राजवटीचे एक विद्वान प्रशासक होते. चिनी पद्धतीनुसार 'लिन' हे आडनाव असून ते आरंभी लिहिले जाते. इ.स. १८३९ मध्ये कँटन (आजचे ग्वांगजौ) येथे शाही आयुक्त म्हणून त्यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि त्या सर्व सार्वजनिकरीत्या नष्ट केल्या. या घटनेचे निमित्त करून ब्रिटनने चीनवर युद्ध लादले. ते पहिले अफूयुद्ध (१८३९–१८४२) म्हणून ओळखले जाते. युद्धाचे खापर लिन यांच्यावर फोडून सम्राटाने त्यांना हद्दपार केले. आज चीनमध्ये त्यांची गणना राष्ट्रपुरुषांत होते. लिन यांनी नष्ट केलेली अफू संपूर्णपणे हिंदुस्थानातून गेलेली नव्हती, तरी तिचा फार मोठा भाग बंगाल, बिहार आणि माळवा येथे पिकलेला व कलकत्ता आणि मुंबई या बंदरांतून रवाना झालेला होता. त्यामुळे त्यांचे चरित्र हिंदुस्थानच्या, विशेषतः मुंबईच्या आर्थिक इतिहासाशीही निगडित आहे.

== बालपण आणि शिक्षण ==

लिन यांचा जन्म फूजौ शहरातील एका सुशिक्षित पण निर्धन कुटुंबात झाला. वडील लिन बिनरी हे शिक्षक होते. राजसेवेच्या परीक्षांत त्यांना स्वतःला मोठे यश मिळाले नव्हते, म्हणून मुलाच्या अध्ययनावर त्यांनी सर्व आशा केंद्रित केल्या होत्या. घरातील स्त्रिया हातकाम करून संसाराला हातभार लावीत. त्या काळच्या चीनमध्ये सामान्य घरातील मुलाला उच्च पदापर्यंत जाण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग म्हणजे कन्फ्यूशियसप्रणीत ग्रंथांवर आधारलेल्या स्पर्धापरीक्षा. लिन १८०४ मध्ये प्रांतिक परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८११ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी सर्वोच्च 'जिनशी' पदवी मिळवली. त्यानंतर राजधानी बीजिंगमधील हानलिन या विद्वत्सभेत त्यांची नियुक्ती झाली.

== प्रशासकीय कारकीर्द ==

१८२० पासून लिन प्रांतिक प्रशासनात आले. झेजियांग व जियांग्सू प्रांतांत न्याय, महसूल, धरणे, कालवे आणि दुष्काळनिवारण अशा खात्यांची कामे त्यांनी केली. लाच न घेणारा व प्रलंबित खटले निकाली काढणारा अधिकारी अशी त्यांची ख्याती झाली आणि लोक त्यांना 'निरभ्र आकाश' या अर्थाच्या उपाधीने ओळखू लागले. न्यायी अधिकाऱ्याला अशी उपाधी देण्याची चीनमध्ये जुनी परंपरा आहे. १८३१ मध्ये पीत नदीच्या बंधाऱ्यांची देखरेख त्यांच्याकडे आली, तेव्हा दुरुस्तीसाठी रचून ठेवलेल्या गवताच्या गंज्यांची त्यांनी जातीने तपासणी केली. १८३२ मध्ये ते जियांग्सूचे राज्यपाल आणि १८३७ मध्ये हूबेई व हूनान या दोन प्रांतांचे महाराज्यपाल झाले.

जियांग्सू हा चीनमधील अत्यंत संपन्न प्रांत होता. तरीही तेथील शेतकरी कर भरताना मेटाकुटीला येत होता. शेतकऱ्याचे व्यवहार तांब्याच्या नाण्यांत चालत आणि कर मात्र चांदीत भरावा लागे. चांदी दुर्मीळ होऊन तिचा भाव चढत गेला, तसा कराचा आकडा न वाढताही त्याचा भार वाढत गेला. चांदी कोठे जाते या प्रश्नाचा माग घेत गेल्यावर लिन अफूपाशी येऊन पोहोचले. अफूकडे ते केवळ नीतीच्या दृष्टीने पाहत नव्हते. राज्याच्या तिजोरीचा आणि शेतकऱ्याच्या पोटाचा हिशेब त्यांच्यासमोर होता. त्यांच्या पुढील कृती समजून घेताना ही बाब महत्त्वाची ठरते.

== पार्श्वभूमी : अफूचा चोरटा व्यापार ==

चीनमध्ये अफूच्या विक्रीवर पहिली बंदी १७२९ मध्ये आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस आयातीवरही पूर्ण बंदी घालण्यात आली. म्हणजे एकोणिसाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर उतरलेली अफूची प्रत्येक पेटी चिनी कायद्याने बेकायदेशीर होती, आणि ही गोष्ट व्यापारात गुंतलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

या व्यापाराचे मूळ चहात होते. इंग्लंडमध्ये चहाची मागणी प्रचंड वाढली होती, परंतु चहाच्या मोबदल्यात चीनला विकावे असे इंग्रजांपाशी फारसे काही नव्हते. लोकरी कापडाला तेथे गिऱ्हाईक कमी होते. चहाची किंमत रोख चांदीत चुकवावी लागे. ही तूट भरून काढण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातील अफूचा आधार घेतला. बिहार आणि बनारस भागात कंपनीचा अफूचा मक्ता होता. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन खसखशीची लागवड करवून घेतली जाई आणि बोंडांतून निघालेला चीक कंपनीने ठरवलेल्या भावानेच घेतला जाई. पाटणा व गाझीपूर येथील कारखान्यांत त्याचे गोळे करून ते आंब्याच्या लाकडाच्या पेट्यांत भरले जात. एका पेटीत चाळीस गोळे आणि सुमारे ६० ते ६५ किलो माल असे.

कंपनीने एक पथ्य कटाक्षाने पाळले. स्वतःच्या जहाजांतून तिने चीनला अफू नेली नाही, कारण तसे केल्यास चहाचा व्यापार धोक्यात आला असता. कलकत्त्यातील जाहीर लिलावात माल विकला की कंपनीचे हात मोकळे होत. पुढचा प्रवास कंपनीच्याच परवान्यावर चालणाऱ्या खाजगी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून होई. ही जहाजे पर्ल नदीच्या मुखातील लिंतिन बेटाजवळ नांगर टाकलेल्या मोठ्या गलबतांवर माल उतरवीत. तेथून अनेक वल्ह्यांच्या वेगवान चिनी नावा तो रातोरात किनाऱ्यावर नेत. वाटेतील नाक्यांवर चिनी अधिकाऱ्यांची दस्तुरी ठरलेली असे. विक्रीतून आलेली चांदी व्यापारी कँटनमधील कंपनीच्या तिजोरीत भरत आणि तिच्या बदल्यात लंडनवर हुंडी घेत. त्याच चांदीतून कंपनी चहा विकत घेई. अशा रीतीने कागदोपत्री कंपनीचा तस्करीशी काहीही संबंध नसताना तिचा सगळा चहा तस्करीवर उभा होता. १८३४ मध्ये चीनच्या व्यापारातील कंपनीची मक्तेदारी संपली, तेव्हा खाजगी व्यापाऱ्यांची संख्या एकदम वाढली. शतकाच्या आरंभी वर्षाला चार-पाच हजार पेट्यांच्या आसपास असलेली आयात १८३८–३९ च्या सुमारास ३५ हजार पेट्यांच्या पुढे गेली होती.

=== माळव्याची अफू आणि मुंबई ===

कंपनीच्या मक्त्याबाहेरची अफू माळव्यात पिके. हा मुलूख प्रामुख्याने शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या ताब्यात होता. इंदूर, उज्जैन व आसपासच्या पेठांतील सावकार शेतकऱ्याला कर्ज देत, माल खरेदी करीत आणि त्यावर सट्टाही खेळत. १८१८ मध्ये मराठी सत्तेचा पाडाव झाल्यावर कंपनीने माळव्याची अफू रोखण्याचा, नंतर ती स्वतःच विकत घेण्याचा प्रयत्न केला. दोन्ही प्रयत्न फसले. राजपुताना व सिंधच्या वाटेने कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमण बंदरात माल जातच राहिला. अखेर १८३१ पासून कंपनीने मुंबईमार्गे जाणाऱ्या अफूला पेटीमागे १७५ रुपये घेऊन परवाने देण्यास सुरुवात केली. ही रक्कम १८३५ मध्ये १२५ रुपयांपर्यंत उतरवण्यात आली. जो माल थांबवता येत नाही त्याच्यावर निदान जकात घ्यावी, असा हा व्यवहारी निर्णय होता.

मुंबईच्या भरभराटीत या व्यापाराचा वाटा मोठा आहे. पारशी, गुजराती, मारवाडी, कोकणी मुसलमान आणि गोव्याचे ख्रिस्ती अशा अनेक समाजांतील व्यापारी त्यात होते. गोव्याशी नाते असलेले रोजेरियो द फारिया हे दमणमार्गे चालणाऱ्या व्यापारातील एक मोठे नाव होते. सर जमशेटजी जिजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. १८०५ मध्ये फ्रेंचांनी पकडलेल्या एका जहाजावर विल्यम जार्डिन यांच्याशी झालेली त्यांची ओळख पुढे कापूस आणि अफूच्या दीर्घ भागीदारीत परिणत झाली. मुंबईतील रुग्णालय व शिक्षणसंस्थांना त्यांनी दिलेल्या देणग्या सर्वश्रुत आहेत. त्या संपत्तीचा एक स्रोत मात्र मराठी पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितला जात नाही. जार्डिन, मॅथेसन आणि कंपनी ही कँटनमधील सर्वांत मोठी अफूविक्रेती पेढी होती.

== शाही आयुक्तपदी नियुक्ती ==

१८३६ मध्ये शू नायजी या अधिकाऱ्याने अफू कायदेशीर करून तिच्यावर कर घ्यावा, अशी सूचना दाओग्वांग सम्राटाकडे केली. बंदीमुळे केवळ लाचखोरी वाढते, हा त्याचा युक्तिवाद होता. १८३८ मध्ये ह्वांग ज्वेजी या दुसऱ्या अधिकाऱ्याने याच्या अगदी उलट, वर्षभराची मुदत देऊन त्यानंतर अफू ओढणाऱ्यास देहदंड द्यावा, असे सुचवले. सम्राटाने सर्व प्रांतप्रमुखांचे मत मागवले. बहुतेकांनी इतक्या कठोर शिक्षेला विरोध केला. लिन यांनी पाठिंबा दिला. मात्र शिक्षेबरोबरच व्यसन सोडवण्यासाठी औषधयोजना आणि टप्प्याटप्प्याने मुदती असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते आणि आपल्या अहवालाला त्यांनी औषधांच्या कृती जोडल्या होत्या. अफू अशीच चालू राहिली तर काही दशकांनी राज्याकडे लढण्यासाठी सैनिक आणि त्यांना पगार देण्यासाठी चांदी यांपैकी काहीच उरणार नाही, असा इशाराही त्यांनी दिला. केवळ मतप्रदर्शन करून ते थांबले नव्हते. हूबेई-हूनानमध्ये त्यांनी हजारो चिलमी जप्त करून मोहीम प्रत्यक्ष राबवून दाखवली होती.

सम्राटाने त्यांना बीजिंगला बोलावून अनेकदा भेट दिली आणि राजवाड्याच्या आवारात घोड्यावरून येण्याचा दुर्मीळ मानही दिला. १८३८ च्या डिसेंबरअखेर त्यांची शाही आयुक्त म्हणून कँटनसाठी नियुक्ती झाली. ८ जानेवारी १८३९ रोजी ते निघाले. वाटेतील अधिकाऱ्यांनी मेजवान्या देऊ नयेत, साध्या जेवणावर भागेल, असे त्यांनी आधीच कळवून ठेवले होते. मोजक्या नोकरांसह दोन महिन्यांचा प्रवास करून १० मार्च रोजी ते कँटनला पोहोचले.

== कँटनमधील मोहीम ==

लिन यांनी प्रथम हात घातला तो स्वकीयांना. अफू ओढणारे, विकणारे आणि तिला वाट देणारे चिनी अधिकारी या सर्वांविरुद्ध कारवाई सुरू झाली. काही महिन्यांत सोळाशेहून अधिक लोकांना अटक झाली. परदेशी व्यापाराचा सरकारी मक्ता असलेल्या चिनी अडत्यांना, विशेषतः त्यांचे प्रमुख हौक्वा यांना, त्यांनी तस्करीकडे डोळेझाक केल्याबद्दल कठोर शब्दांत जाब विचारला. हौक्वा हे त्या काळी जगातील अतिश्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक समजले जात.

१८ मार्च रोजी परदेशी व्यापाऱ्यांना आदेश देण्यात आला : सर्व अफू तीन दिवसांत सुपूर्द करावी, आणि पुन्हा आणल्यास माल जप्त होईल व आणणाऱ्याला मृत्युदंड मिळेल अशा करारनाम्यावर सही करावी. व्यापाऱ्यांनी आधी एक हजाराच्या आसपास पेट्या देऊन वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. लिन यांना खरा साठा किती आहे याची कल्पना होती. लॅन्सलॉट डेंट या बड्या व्यापाऱ्याला हजर करण्याची त्यांनी मागणी केली. २४ मार्च रोजी ब्रिटिश व्यापार-अधीक्षक चार्ल्स एलियट वखारींत दाखल होताच लिन यांनी सर्व वखारींना वेढा दिला आणि तेथील चिनी नोकर, स्वयंपाकी व हमाल काढून घेतले. सुमारे ३५० परदेशी तेथे अडकले. त्यांत मुंबईचे पारशी व्यापारीही होते. कोणाला मारहाण झाली नाही की कोणी उपाशी राहिले नाही. पण ज्यांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती, त्यांना काही आठवडे स्वतःच रांधावे लागले.

एलियट यांनी मग जो निर्णय घेतला, त्यातच युद्धाची बीजे होती. सर्व अफू आपल्या हवाली करावी, तिची जबाबदारी ब्रिटिश सरकार घेईल, असे त्यांनी व्यापाऱ्यांना लेखी कळवले. असे वचन देण्याचा त्यांना लंडनहून कोणताही अधिकार मिळालेला नव्हता. धरपकडीमुळे बाजार पूर्ण थंडावला होता आणि माल पडून होता. व्यापाऱ्यांनी तो आनंदाने एलियट यांच्या स्वाधीन केला, कारण आता गिऱ्हाईक प्रत्यक्ष ब्रिटिश राज्य होते. चोरटा माल एका पत्राने सरकारी मालमत्ता ठरला. लिन यांना या बदलाचा अर्थ त्या वेळी कळला नाही. आपण तस्करांकडून प्रतिबंधित माल घेत आहोत, अशीच त्यांची समजूत होती आणि चिनी कायद्याच्या दृष्टीने ती बरोबरही होती. एकूण २०,२८३ पेट्या जमा झाल्या.

== ह्यूमेन येथील अफूनाश ==

हा साठा बीजिंगला नेण्याऐवजी जागीच नष्ट करण्याची परवानगी मिळाली. ३ जून १८३९ रोजी ह्यूमेन येथे समुद्रकिनारी काम सुरू झाले आणि ते सुमारे तीन आठवडे चालले.

लिन यांनी अफू जाळली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. अफू जाळल्यास तिचा अंश मातीत झिरपतो आणि व्यसनी लोक ती माती खणून पुन्हा सत्त्व काढतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून किनाऱ्यालगत मोठे हौद खणून तळाशी फरशी घालण्यात आली व बाजूंना लाकडी फळ्या ठोकण्यात आल्या. हौदात पाणी सोडून मीठ मिसळले जाई. अफूचे गोळे फोडून त्यात टाकले जात आणि काही वेळाने वरून कळीचा चुना ओतला जाई. चुना पाण्याशी संयोग पावून उकळू लागे, मजूर फळ्यांवर उभे राहून फावड्यांनी ते ढवळीत आणि दुर्गंधीयुक्त वाफा उठत. ओहोटी लागली की झडपा उघडून सगळा रगाडा समुद्रात सोडला जाई व हौद धुऊन काढला जाई. या कामावर सुमारे पाचशे मजूर होते. बाहेर पडताना प्रत्येकाची झडती होई आणि चोरीला मृत्युदंडाची शिक्षा होती. ज्या समुद्रात हे विष सोडायचे, त्या समुद्राच्या देवतेची लिन यांनी आधी पूजा बांधली, क्षमा मागितली आणि जलचरांना काही काळ दूर जाण्याची सूचना देण्याची विनंती केली.

आपण माल गुपचूप विकत आहोत असा आरोप होऊ नये, यासाठी परदेशीयांना पाहण्याची मुभा होती. अफूचा व्यापार न करणाऱ्या ओलिफंट या अमेरिकन पेढीचे चार्ल्स किंग आणि मिशनरी एलिजा ब्रिजमन यांनी १७ जून रोजी भेट दिली. एवढी मौल्यवान वस्तू खरोखरच नष्ट होत आहे, हे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. त्यांच्या वृत्तान्तामुळे या घटनेला विश्वसनीय साक्ष मिळाली.

== राणी व्हिक्टोरियास पत्र ==

१८३९ मध्ये लिन यांनी महाराज्यपाल देंग तिंगझेन व राज्यपाल यिलियांग यांच्यासह ब्रिटनच्या राणीला उद्देशून एक पत्र तयार केले. चीन परदेशांना चहा, रेशीम, रेवंदचिनी असे उपयुक्त पदार्थ देतो, मग त्या बदल्यात विष का पाठवले जाते, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. परक्या देशात व्यापारास जाणाऱ्याने तेथील कायदा पाळला पाहिजे, इंग्लंडमध्ये येणाऱ्या परदेशी माणसालाही इंग्लंडचा कायदा लागू होतोच, असा त्यात युक्तिवाद होता. आंतरराष्ट्रीय व्यापारातील नीतीविषयी आशियातून युरोपला विचारलेला हा एक आरंभीचा आणि अत्यंत स्पष्ट प्रश्न आहे.

पत्रात चुकाही आहेत. इंग्लंडमध्ये अफूवर बंदी आहे, असे लिन यांनी गृहीत धरले होते. वास्तविक तेथे अफूचा अर्क औषधाच्या दुकानात खुलेआम मिळे आणि लहान मुलांनाही दिला जाई. चहा व रेवंदचिनी मिळाली नाही तर परदेशीयांचा कोठा साफ होणार नाही, अशी त्या काळी चीनमध्ये रूढ असलेली समजूतही लिन यांनी बाळगली होती. तरीही पत्रातील मूळ प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. जानेवारी १८४० मध्ये 'थॉमस कूट्स' या जहाजाच्या कप्तानाने हे पत्र लंडनला नेले, पण परराष्ट्र खात्याने ते स्वीकारण्यास नकार दिला. पुढे ते वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले.

== परदेशी ज्ञानाचा शोध ==

प्रतिपक्षाविषयी आपल्याला काही माहिती नाही, ही उणीव लिन यांनी ओळखली होती. त्यांच्या पिढीतील चिनी अधिकाऱ्यांत हे विरळाच होते. कँटनमध्ये त्यांनी इंग्रजी जाणणाऱ्या काही चिन्यांना अनुवादासाठी नेमले. त्यांत बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे शिकलेला एक वृद्ध गृहस्थही होता. परदेशी वृत्तपत्रांतील मजकूर, ह्यू मरे यांच्या भूगोलकोशातील भाग आणि वात्तेल यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथातील काही उतारे यांची भाषांतरे करवून घेण्यात आली. एखादे राष्ट्र परक्या मालावर बंदी घालू शकते काय, याचा आधार ते युरोपच्याच ग्रंथांत शोधीत होते, आणि तो त्यांना मिळालाही. वात्तेल यांचे उतारे भाषांतरित करणारे अमेरिकन मिशनरी डॉक्टर पीटर पार्कर यांच्या रुग्णनोंदींत लिन यांचेही नाव आहे. त्यांना अंतर्गळाचा विकार होता. ते स्वतः दवाखान्यात कधी गेले नाहीत, पण डॉक्टरांनी पाठवलेला पट्टा मात्र त्यांनी वापरला.

== युद्ध आणि पदच्युती ==

जुलै १८३९ मध्ये कौलून येथे मद्यधुंद खलाशांनी केलेल्या मारहाणीत लिन वैशी नावाचा एक ग्रामस्थ मरण पावला. लिन यांनी आरोपीची मागणी केली आणि एलियट यांनी ती फेटाळली. तेव्हा लिन यांनी मकाऊमधील इंग्रजांचा रसदपुरवठा तोडला व इंग्रजांना आपल्या जहाजांवर आश्रय घ्यावा लागला. ४ सप्टेंबरला कौलूनजवळ आणि ३ नोव्हेंबरला च्वानबी येथे चकमकी झाल्या. दरम्यान अमेरिकन व्यापाऱ्यांनी करारनाम्यावर सह्या करून इंग्रजांचा माल आपल्या जहाजांतून वाहण्याचा नफा कमावला.

लंडनमध्ये विल्यम जार्डिन यांनी परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांची भेट घेऊन युद्धाची बाजू मांडली. एप्रिल १८४० मध्ये ब्रिटिश संसदेत सरकारविरोधी ठराव अवघ्या नऊ मतांनी (२७१ विरुद्ध २६२) फेटाळला गेला. तरुण ग्लॅडस्टन यांनी या युद्धाला तीव्र विरोध केला होता. मोहिमेवर निघालेल्या सैन्यात मद्रास आणि बंगालमधील हिंदी शिपाईही होते. जून १८४० मध्ये आरमार आले, ते कँटनला वळसा घालून उत्तरेकडे गेले, जुलैमध्ये दिंगहाय घेतले आणि ऑगस्टमध्ये राजधानीजवळच्या किनाऱ्यावर उभे राहिले.

लिन यांनी कँटनची तटबंदी मजबूत केली होती. परंतु वाफेच्या नौका आणि दूरवर मारा करणाऱ्या तोफांपुढे छिंग साम्राज्याची लष्करी दुर्बलता त्यांना आधी उमगली नव्हती. इंग्रज सैनिक घट्ट पोशाखामुळे जमिनीवर नीट लढू शकत नाहीत, असाही त्यांचा समज होता. सम्राटाने सर्व दोष त्यांच्यावर टाकला. १८४० च्या शरद ऋतूत त्यांना पदच्युत करून छीशान यांना वाटाघाटींसाठी नेमण्यात आले. तडजोड करण्याचा प्रयत्न केलेल्या छीशान यांच्यावरही पुढे हाच प्रसंग ओढवला.

युद्ध २९ ऑगस्ट १८४२ च्या नानजिंग तहाने संपले. हाँगकाँग बेट ब्रिटनला मिळाले, पाच बंदरे खुली झाली आणि चीनने २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांतील ६० लाख नष्ट केलेल्या अफूच्या भरपाईपोटी होते. अफूचा व्यापार कायदेशीर की बेकायदेशीर, याविषयी तहात एक शब्दही नव्हता. व्यापार पूर्वीप्रमाणेच चोरून चालू राहिला आणि १८५८ नंतर जकात आकारून तो राजरोस झाला. मुंबईच्या व्यापाऱ्यांना भरपाई उशिरा व मूळ किमतीपेक्षा कमी मिळाली. अनेक लहान व्यापारी त्यात बुडाले.

== हद्दपारी ==

१८४१ मध्ये लिन यांना साम्राज्याच्या पश्चिम टोकाला, शिनजियांगमधील यिली येथे हद्दपार करण्याचा आदेश झाला. वाटेत झेनजियांग येथे त्यांनी आपले मित्र वेई युआन यांना कँटनमधील अनुवादांचे कागद दिले. त्यांच्या आधारे वेई यांनी समुद्रापलीकडील देशांचा सचित्र परिचय करून देणारा बृहद्ग्रंथ रचला. गंमत अशी की त्याचा प्रभाव चीनपेक्षा जपानवर लवकर पडला.

त्याच सुमारास पीत नदीचा बांध फुटून कायफंग शहर पुराने वेढले गेले. नदीचे काम जाणणारा माणूस म्हणून लिन यांना तिकडे वळवण्यात आले. त्यांनी महिनोन्महिने राबून बांध पूर्ववत करण्यास साहाय्य केले. कामाचे प्रमुख वांग दिंग यांनी त्यांच्या माफीसाठी शिफारस केली. ती नाकारली गेली. बांध पूर्ण होताच हद्दपारीचा प्रवास पुढे चालू करण्याचा हुकूम आला. शीआन येथे कुटुंबाचा निरोप घेऊन लिन निघाले आणि डिसेंबर १८४२ मध्ये यिलीला पोहोचले. निरोपाच्या प्रसंगी त्यांनी रचलेली कविता आजही चीनमध्ये विद्यार्थी पाठ करतात.

यिलीत त्यांनी कालव्याची कामे करवून घेतली. १८४५ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी दक्षिण शिनजियांगमधील मरूद्यानांचा हजारो किलोमीटरचा दौरा करून लागवडीयोग्य जमिनींची मोजणी केली. तुर्फान भागातील भूमिगत जलवाहिन्यांची त्यांनी प्रशंसा केली आणि त्यांच्या विस्ताराला चालना दिली. डोंगराच्या पायथ्याचे पाणी विहिरींच्या रांगेतून जमिनीखालून आणण्याचे हे तंत्र मराठी वाचकाला छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील नहर-ए-अंबरीमुळे परिचित असेल. हे तंत्र त्या प्रदेशात आधीपासूनच होते. लिन यांनी ते शोधून काढले, ही लोकसमजूत मात्र बरोबर नाही.

== अखेरची वर्षे ==

१८४५ च्या अखेरीस लिन यांना परत बोलावण्यात आले. शाआन्शीचे राज्यपाल आणि १८४७ पासून युन्नान-ग्वेजौचे महाराज्यपाल म्हणून त्यांनी काम पाहिले. युन्नानमधील हान व मुस्लिम समाजांतील रक्तरंजित संघर्ष हाताळताना माणसाची जमात न पाहता गुन्हा पाहावा, हे त्यांचे धोरण होते. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. प्रकृती ढासळल्यामुळे १८४९ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. परंतु १८५० मध्ये ग्वांगशीतील बंड मोडण्यासाठी नव्या सम्राटाने त्यांची पुन्हा शाही आयुक्त म्हणून नेमणूक केली. आजारी अवस्थेतच ते निघाले आणि २२ नोव्हेंबर १८५० रोजी वाटेत पूनिंग येथे त्यांचा मृत्यू झाला. ते बंड पुढे तायपिंग उठाव म्हणून इतिहासात नोंदले गेले. लिन यांना मरणोत्तर 'वेनझोंग' ही सन्मानदर्शक उपाधी देण्यात आली. त्यांचे जावई शेन बाओझेन हे पुढे फूजौ येथील आधुनिक जहाजबांधणी कारखान्याचे प्रमुख झाले.

== मूल्यमापन आणि स्मृती ==

लिन यांच्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परदेशी समाजाला सरसकट वेढा देऊन त्यांनी दोषी-निर्दोष असा भेद केला नाही आणि त्यामुळे ब्रिटनला युद्धाचे निमित्त मिळाले, अशी टीका होते. ती निराधार नाही. परंतु जप्त झालेला माल बेकायदेशीर होता, तो बाळगणाऱ्यांना हे माहीत होते आणि पूर्वीच्या शंभर वर्षांत सौम्य उपायांचा काहीही उपयोग झालेला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. एखाद्या देशाने आपल्या कायद्याने प्रतिबंधित केलेला माल बळाने त्याच्या गळी उतरवणे, याला मुक्त व्यापार हे नाव त्या काळी दिले गेले.

हिंदुस्थानात या व्यापाराविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत दादाभाई नौरोजी यांचा समावेश होतो. चिनी जनतेला विष पाजून आलेल्या उत्पन्नावर हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा ताळेबंद बसवला जातो, याकडे त्यांनी आपल्या लेखनातून लक्ष वेधले. १९०७ मध्ये ब्रिटन व चीन यांच्यात झालेल्या समझोत्यानुसार हिंदुस्थानातून चीनला होणारी अफूची निर्यात टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली.

बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातील जननायक स्मारकावरील पहिले शिल्प ह्यूमेन येथील अफूनाशाचे आहे. न्यूयॉर्कमधील चिनी वस्तीत लिन यांचा पुतळा असून मकाऊमध्ये त्यांच्या भेटीचे स्मारक आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ मध्ये जाहीर केलेला अमली पदार्थविरोधी दिन २६ जून रोजी पाळला जातो. ही तारीख ह्यूमेन येथील मोहिमेच्या समाप्तीशी जोडली जाते. ७१४५ क्रमांकाच्या लघुग्रहाला लिन यांचे नाव देण्यात आले आहे. अमिताव घोष यांच्या 'रिव्हर ऑफ स्मोक' या इंग्रजी कादंबरीत १८३९ मधील कँटन, तेथे अडकलेला मुंबईचा एक पारशी व्यापारी आणि आयुक्त लिन यांचे चित्रण आढळते. ह्यूमेन येथे ज्या हौदांत अफू विरघळवली गेली, त्यांची जागा संग्रहालयाच्या आवारात जतन करून ठेवण्यात आली आहे.